थंडीत बोटुकली वाढायची थांबलीय, खाद्य वाढवू का?

सायखेड्याचा_शेतकरी
राम राम मंडळी. द्राक्षबागेसाठी केलेल्या शेततळ्यात (३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, प्लॅस्टिक कागद) ऑगस्टात रोहू, कटला, मृगळ माशांची अर्धबोटुकली (बोटभराहून लहान पिल्लं) सोडली. दिवाळीपर्यंत मूठभर खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. आता पहाटे बागेत शेकोट्या पेटवायची वेळ आलीय आणि मासे गायब. खाद्य कोपऱ्यात तसंच तरंगतं. दुपारी उन्हाच्या बाजूला थवा दिसतो, पण हात हलवला तरी धड पळत नाहीत. वजन महिनाभर तेच. बीजवाला म्हणतो खाद्य दुप्पट करा, शेजारी म्हणतो औषध टाक. कुणाचं ऐकू?

जिरे_ते_बोटुकली
दोघांचंही नको. दादा, आधी थर्मामीटर आणा, खाद्याची गोणी नंतर. आणि पेपरातल्या निफाडच्या पाऱ्यावर जाऊ नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा तो आकडा हवेचा असतो. पाणी सावकाश गार होतं आणि तापतंही सावकाशच.

माशाचं अंग पाण्याएवढंच गार. कटला-रोहू २५ ते ३० अंशांत जोमाने वाढतात. २० च्या खाली भूक मरते, १५ च्या आसपास खाणं जवळपास बंद. पाणी १० अंशांनी उतरलं की शरीराचा कारभार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचनही मंदावतं आणि स्नायूही, म्हणून तर पळत नाहीत. आजारी नाहीत, गारठलेत. पहिल्या वर्षी मीही 'उपाशी आहेत बिचारे' म्हणून खाद्य वाढवलं होतं. सगळं तळाशी कुजलं, अमोनिया झाला आणि जी थंडीत जगली असती ती बोटुकली माझ्या मायेने मेली.

तळाचं तापमान असं मोजा: बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाला गेली की बूच ओढा, भरली की वर घेऊन लगेच थर्मामीटर आत.

सायखेड्याचा_शेतकरी
मोजलं. सकाळी ७ ला वर-खाली दोन्हीकडे १६. दुपारी ३ ला वर २१, तळाला १७.

जिरे_ते_बोटुकली
म्हणजे मासे दुपारी वर येतात ते उन्हं खायलाच! खाद्य तेव्हाच, १२ ते ३ मध्ये, थवा असेल त्या बाजूला. माशांच्या एकूण वजनाच्या १ टक्का पुरे, २० मिनिटांत संपेल तेवढंच. ढगाळ दिवशी अजिबात नको. आणि वजन बघायला सारखं जाळं ओढू नका. खवले निघाले की थंडीत जखम लवकर भरत नाही, तिथेच बुरशी धरते. अंगावर लाल चट्टे दिसले तर मात्र मत्स्यव्यवसाय खात्याला दाखवा.

गोदाकाठ
विहिरीचं पाणी सोडा की. पहाटे वाफा निघतात त्यातून, चांगलं कोमट असतं.

जिरे_ते_बोटुकली
हिशेब करू या. तळ्यात २० लाख लिटर धरा. मोटर तासाला २० हजार लिटर देते, ५ तास चालली तर १ लाख. विहीर २५ अंश, तळं १६. सगळं मिसळून अर्धा अंशही वाढत नाही, आणि रात्रीत तो जाणार.

गोदाकाठ
सगळं तळं तापव म्हणतंय कोण? पाणी पडतं त्या कोपऱ्यात मासे गोळा होतात, मी रोज बघतो. आणि तळं भरलेलं राहतं ते वेगळंच. उथळ पाणी एका रात्रीत गारठतं.

जिरे_ते_बोटुकली
हे मान्य. फक्त पाइप उंच धरा. विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, उंचावरून फुटून पडू दे.

पाणकोंबडी
पाणकावळ्यांचं कुणीच बोललं नाही! नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य तुमच्या उशाला आहे. गारठलेला मासा म्हणजे त्यांना वाढलेलं ताट. तळ्यावर दोऱ्या ताणा.

नाशिकरोडची_ताई
थोडं अवांतर. घरच्या टाकीत गप्पीच्या पिल्लांवर पांढरे ठिपके आलेत. औषध ४ दिवस दिलं, गेले, पुन्हा आले.

जिरे_ते_बोटुकली
ताई, ते ठिपके परजीवीचे. तो २५ अंशांना आठवड्याच्या आत फेरा पूर्ण करतो, गार पाण्यात त्यालाच कित्येक आठवडे लागतात. अंगाला चिकटलेला असताना औषध लागू पडत नाही, पाण्यात मोकळा पोहताना पडतं. हीटर लावून हळूहळू २६ पर्यंत न्या, दिवसाला एखाद-दोन अंश, आणि ठिपके गेल्यावरही आठवडाभर औषध चालू ठेवा. पाणी बदलताना नळाचं गार पाणी थेट ओतू नका.

सायखेड्याचा_शेतकरी
धागा वर काढतोय. फेब्रुवारी संपत आला, दुपारी पाणी २५. काल खाद्य १० मिनिटांत फस्त. मेलेले मोजून ११. आता वाढवू ना?

जिरे_ते_बोटुकली
आता वाढवा, पण दर आठवड्याला थोडं थोडं. मागे पडलेला मासा ऊब मिळाली की बरीचशी तूट भरून काढतो. एप्रिलात मात्र पहाटे तळ्यावर चक्कर मारत जा. १५ अंशांच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि तेव्हा माशाला लागतो जास्त. पृष्ठभागावर तोंडं उघडताना दिसले की खाद्य बंद, मोटर चालू.

सायखेड्याचा_शेतकरी
एप्रिलात पहाटे लाइट असली तर!