मदत हवी आहे: प्लास्टर निघालं, पण मांडी फारच बारीक झाली आहे

घाटवाट:
काल प्लास्टर काढलं. उजवी मांडी डावीच्या मानाने पार वाळली आहे, हाताला नुसती लिबलिबीत लागते. आषाढीला दिवे घाट चढायचा आहे. मांडी लवकर भरायला नेमका कुठला व्यायाम? ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहू नका. त्यांनी ‘चाला’ म्हणून सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

कुमुद:
प्लास्टर कशासाठी होतं? किती दिवस? हाड जुळलंय का? वय?

रानवारा:
महानारायण तेल कोमट करून चोळा. आमच्या आत्याला त्यानेच गुण आला.

लोखंडी:
तेलाने बरं वाटेल, स्नायू भरणार नाही. त्याला वजनच लागतं. सरळ स्क्वॉट्स सुरू करा.

कुमुद:
@लोखंडी, हाडाचं काही माहीत नसताना स्क्वॉट्स कसले सांगता?

घाटवाट:
गुडघ्याची वाटी फ्रॅक्चर होती, दीड महिना प्लास्टर. हाड जुळलंय, वजन टाकायला परवानगी आहे. आणि पाय बाबांचा आहे, वय 67. वारी त्यांची आहे, माझी नाही.

सह्यधार:
मग चालणंच पुरे. रोज थोडं वाढवत न्या.

लोखंडी:
चालून दम वाढतो, वाळलेली मांडी फारशी भरत नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत.

माळकरी:
तुकोबांच्या पालखीबरोबर जाऊ द्या. ती लोणी काळभोरवरून जाते, दिवे घाट लागतच नाही.

सह्यधार:
त्या वाटेला रोटी घाट आहे की!

कुमुद:
वाटेचं नंतर बघू. @घाटवाट, गुडघ्यावर सूज आहे का ते आधी बघा. सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला नीट आवळताच येत नाही, माणसाने कितीही जोर लावला तरी. सूज नसेल तर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबून मांडी 5 ते 10 सेकंद आवळायला सांगा. वाटीच्या वर हात ठेवा, स्नायू टणक झालेला कळला पाहिजे. ते जमलं की पाय सरळ ठेवून उचलणं, मग उंच खुर्चीवरून उठबस. फिजिओकडून एकदा तरी बघून घ्या. सुरुवातीला ताकद वाढेल, पण टेपने मोजलं तर मांडी तेवढीच भरेल. नसा स्नायूला पुन्हा कामाला लावतात ते आधी, जाडी मागून येते. या वयात त्याला महिने लागतात, म्हणून बाबांना घाई करू नका. आणि दोन्ही वेळच्या जेवणात डाळ, दही, अंडं असं काहीतरी हवंच.

खगोल:
अंतराळवीरांचंही हेच होतं. पायांवर भार नाही, म्हणून स्पेस स्टेशनवर रोज जवळपास दोन तास व्यायाम करावा लागतो.

रानवारा:
मला रात्री पोटरीत गोळा येतो, त्यावर कुणी सांगेल का?

कुमुद:
@रानवारा, वेगळा धागा काढा ना.

घाटवाट:
थोडी सूज आहे, संध्याकाळी वाढते. मग टॉवेलचं आज करू की नको?

कुमुद:
दुखत नसेल तर हलकं करा. नंतर पाय उशीवर उंच ठेवून बर्फ लावा. उद्या सूज वाढलेली दिसली तर थांबा आणि फिजिओला दाखवा. खुर्चीची उठबस एवढ्यात नको.