लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड जातंय, तातडीने मदत हवी आहे

उन्मेष_७
लॅपटॉप सुरू केला की कंपनीचा लोगो व्यवस्थित दिसतो. विंडोज उघडता उघडता स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन येतात आणि मग निळा स्क्रीन. कधी चाललाच तर ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत. ड्रायव्हर नवा टाकून झाला. दुरुस्तीवाले म्हणतात मदरबोर्ड बदला. या आठवड्यात काम द्यायचंय. फक्त ग्राफिक्स कार्ड बदलून मिळतं का? "नवीन घ्या" हा सल्ला कृपया नको.

रेणुका_क
मॉडेल? किती जुना? निळ्या स्क्रीनवर खाली इंग्रजीत काय लिहून येतं? सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या साध्या ड्रायव्हरवर सुरू होतं तो) चालतो का? हे कळल्याशिवाय सांगणं कठीण आहे.

तुषार
पंखा साफ करा, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. माझा अगदी असाच करायचा, पेस्ट बदलल्यावर आजतागायत त्रास नाही.

उन्मेष_७
पंखा आणि पेस्ट दोन्ही नुकतंच झालंय. सात वर्षं जुना, एनव्हिडियाचं कार्ड. माझा प्रश्न कार्ड बदलता येतं का एवढाच आहे.

सोल्डरवाला
बहुतेक लॅपटॉपमध्ये नाही. सुटं कार्ड नसतंच, चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. एमएक्सएम नावाची सुटी कार्डं काही मोजक्या जाड वर्कस्टेशनमध्ये यायची. तुम्ही रिबॉलिंग करून घ्या. २००६ नंतर युरोपच्या नियमांमुळे शिसं नसलेलं सोल्डर आलं, ते ठिसूळ, तापून-थंड होऊन तडकतं. चिप उचलून खालचे सोल्डरचे गोळे नवे बसवले की काम होतं.

भास्कर_जी
रिबॉलिंग कशाला? बोर्ड काढून थोडा वेळ ओव्हनमध्ये ठेवा. मी केलंय, लॅपटॉप चालू झाला होता.

रेणुका_क
भास्करजी, किती दिवस चालला? कृपा करून हा सल्ला देऊ नका. बोर्डावरचे कपॅसिटर आणि प्लॅस्टिकचे कनेक्टर खराब होतात, त्या धुराच्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवणं तर धोक्याचंच.
सोल्डरवाला, गोळे तडकतात हे खरं, पण पुष्कळदा बिघाड त्याच्या वर असतो. सिलिकॉनचा तुकडा ज्या बारीक बिंदूंनी चिपच्या पाटीला जोडलेला असतो, ते सुटतात. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिप्सच्या पॅकेजिंगमधला दोष जाहीर केला होता, दुरुस्त्यांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तिथे रिबॉलिंगचा उपयोग नाही. उष्णतेने ते बिंदू तात्पुरते टेकतात, म्हणून दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. अशा वेळी चिपच नवी लागते.

सोल्डरवाला
सगळ्याच चिप्स २००८ च्या नसतात. मी रिबॉल केलेले बोर्ड आजही चालतायत.

मीनल
एसएसडी टाका आणि रॅम वाढवा, जुन्या लॅपटॉपला फार फरक पडतो.

रेणुका_क
मीनल, हळू चालण्याची तक्रारच नाहीये त्यांची.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका. बूट करताना नोमोडसेट हा पर्याय दिला (म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर बाजूला राहतो) की स्क्रीन येईल.

उन्मेष_७
ब्लेंडर पाहिजे, नवी सिस्टीम शिकायला वेळ नाही. निळ्या स्क्रीनवर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर येतं. सेफ मोड स्वच्छ चालतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन नावं आहेत.

रेणुका_क
हे आधी सांगितलं असतंत तर! विंडोज ग्राफिक्सच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघते, मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. तेही जमलं नाही की हा निळा स्क्रीन. लोगो आणि सेफ मोड स्वच्छ आहेत म्हणजे स्क्रीन आणि तिची केबल धडधाकट.
सेफ मोडमध्येच आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग डीडीयू (ड्रायव्हर पुसून टाकणारा प्रोग्राम) वापरून जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाका. तरीही तेच झालं तर सेफ मोडमधून डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियावर राइट क्लिक, डिसेबल. तुमची स्क्रीन बहुधा इंटेलवरूनच, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवरून चालते. ब्लेंडरमध्ये सायकल्सला (अंतिम चित्र तयार करणारा, म्हणजे रेंडर करणारा भाग) कार्डाऐवजी सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर निवडा. रेंडर खूप हळू होईल, पण होईल. ड्रायव्हर अपडेट होऊन कार्ड पुन्हा चालू झालं तर परत बंद करावं लागेल.

उन्मेष_७
नव्या ड्रायव्हरने चौकोन परत आले. डिसेबल केल्यावर एकदाही बंद पडला नाही, रेंडर चालू आहे. खूप आभार. पण एचडीएमआयला लावलेला मॉनिटर आता दिसतच नाही?

रेणुका_क
तुमच्या बोर्डात ते पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असणार. दुसरा मॉनिटर हवाच असेल तर डिस्प्लेलिंकवाला (यूएसबीतून मॉनिटरला चित्र पाठवणारा) अडॅप्टर घ्या, तो मेलेल्या चिपवर अवलंबून नसतो.

अजित_०९
माझ्याकडे चौकोन लोगोवरच दिसतात, बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा स्क्रीन). मीही डिसेबल करू का?

रेणुका_क
तुमचं प्रकरण वेगळं आहे, विंडोजमध्ये डिसेबल करून बायोसमधले चौकोन जाणार नाहीत. बाहेरचा मॉनिटर लावून बघा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर आधी स्क्रीनची केबल तपासा. आणि मॉडेल लिहा.