फळ दिसत नाही अशी कामं: सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

ज्या कामाचं पुढे काय झालं हे करणाऱ्याला बहुधा कळतच नाही, अशी कामं नीट करणारी माणसं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. कौतुक किती झालं ते नको. काम कसं करायचं आणि कुठे चुकतं, ते लिहा.

कराड
नेत्रदानात दृष्टी कुणाला मिळाली, हे घरच्यांना सांगत नाहीत. तसंच असावं. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, काढावा लागतो. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. पंख्याचं हमखास विसरतं आणि वाऱ्याने कॉर्निया सुकतो. दुसरी चूक म्हणजे पुण्या-मुंबईची मंडळी येईपर्यंत नेत्रपेढीला न कळवणं. आधी तिथे फोन, मग पाहुण्यांना. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी चालतं. फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते.

मिरज
वरच्याला जोड: फॉर्म भरला असेल तर घरात बोलून ठेवा. कपाटातल्या कार्डाची त्या वेळी कुणालाच आठवण होत नाही.

सांगलीवाडी
ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. पुरात जेवणाची पाकिटं वाटायला खूप हात येतात. पाणी ओसरल्यावर विहिरीकडे फार थोडे वळतात, आणि माझ्या मते खरी गरज तिथेच असते. आधी गढूळ पाणी उपसा, गाळ काढा. मग मीटरमध्ये व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, म्हणजे लिटर. व्यास ३, खोली ४ असेल तर साधारण २८,००० लिटर. स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे २.५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे इथे ७० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीने विहिरीत सोडून ढवळा. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघा. पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली किंवा पावडरच मेली. पोतं उघडं, ओलीत राहिलं की क्लोरीन उडून जातो. जुलाबाची साथ आलीच नाही तर ती कुणामुळे टळली, हे गावाला कधी कळणार नाही. तरी रात्री उशीर झाला म्हणून ओटी टेस्ट टाळायची नाही.

तासगाव
रक्तदान: पुरुषांनी ३ महिन्यांनी, स्त्रियांनी ४ महिन्यांनी. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर बहुतेक त्यानेच येते.

दहिवडी
माण तालुक्यातल्या माळावर रोपं पावसाळ्यात कमी मरतात, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. लावणीच्या फोटोत ते दिसत नाही. खड्डे मेमध्येच काढून तापू द्या. पिशवी पूर्ण फाडून काढा, नाहीतर मुळं आतल्या आत गोल फिरतात. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्याला एकदा १०-१५ लिटर द्या, म्हणजे मुळं खाली जातात. आळ्यात पालापाचोळा हवाच. भोवती बाभळीचे काटे लावा आणि शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत काढू नका.