व्हॅनव्लीटच्या जागी अनुभवी गार्ड: रॉकेट्सने ट्रेड करून कोणाला आणावं?

रॉकेटवेडा

सप्टेंबर २०२५मध्ये एनबीएतल्या ह्यूस्टन रॉकेट्सचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून चाल रचणारा) फ्रेड व्हॅनव्लीट याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि संघाची सगळी आखणी विस्कटली. केव्हिन ड्युरँट आला तो तयार संघात येणार म्हणून. आता चेंडू कोर्टच्या पलीकडे न्यायचं काम आमेन थॉम्पसन आणि रीड शेपर्डवर आलंय. सलामीलाच ओक्लाहोमाकडून दुहेरी जादा वेळेत १२५-१२४ असे हरलो. त्या सामन्यात प्रशिक्षक उदोकाने सुरुवातीच्या पाचांत खरा पॉइंट गार्ड ठेवलाच नव्हता.

माझ्या यादीत पाच नावं आहेत: माइक कॉन्ली (मिनेसोटा), ज्रू हॉलिडे (पोर्टलँड), सीजे मकॉलम (वॉशिंग्टन), टीजे मॅकॉनेल (इंडियाना) आणि होसे अल्वारादो (न्यू ऑर्लिन्स). अल्वारादो वयाने तसा लहान, पण काम तेच करतो. माझा कल हॉलिडेकडे आहे. दोन अजिंक्यपदं, दोन ऑलिंपिक सुवर्णं, आणि बचावात उदोकाला हवा तस्साच. १५ डिसेंबर जवळ येतोय, उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू तेव्हापासून ट्रेडमध्ये वापरता येतील. ५ फेब्रुवारी २०२६च्या ट्रेड डेडलाइनपर्यंत कोणाच्या मागे लागावं?

कॅपगणित

नावांआधी पैशाचं बघू, कारण अर्धी यादी तिथेच गळते.

डोरियन फिनी-स्मिथला आपण मिड-लेव्हल एक्सेप्शनमधून (पगारमर्यादेवरच्या संघालाही खेळाडू घेऊ देणारी सवलत) घेतलं. त्यामुळे संघाला पहिल्या एप्रनवर, म्हणजे लीगने एकूण पगारासाठी आखलेल्या एका वरच्या रेषेवर, हार्ड कॅप (न ओलांडता येणारी मर्यादा) लागला. यंदा (२०२५-२६) ती रेषा १९.५९ कोटी डॉलरवर आहे आणि ३० जूनपर्यंत ती कुठल्याही कारणाने ओलांडता येत नाही. आपण तिच्या खाली आहोत जेमतेम साडेबारा लाखांनी. म्हणून प्रत्येक ट्रेडला एकच कसोटी: येणारा पगार हा जाणारा पगार अधिक साडेबारा लाख, यापेक्षा जास्त नको. जाणाऱ्या पगाराच्या १२५ टक्क्यांपर्यंत परत घेण्याची वगैरे सवलत कागदावर आहे, आपल्याला ती वापरताच येत नाही. व्हॅनव्लीटच्या दुखापतीपोटी मिळू शकणाऱ्या एक्सेप्शनचंही तेच. मिळालं तरी खर्च करायला रेषेखाली जागा कुठे आहे?

पंधरावा खेळाडू का घेत नाहीत, असं बरेच जण विचारतात. अनुभवी खेळाडूचा किमान पगार कॅपवर सुमारे २३ लाखांचा धरला जातो आणि मोसमाच्या १७४ दिवसांत तो रोज थोडा थोडा कमी होत जातो. साडेबारा लाखांत तो बसायला जानेवारीचा पहिला आठवडा उलटावा लागेल.

आता हॉलिडे. यंदा ३.२४ कोटी. व्हॅनव्लीटचे अडीच कोटी आणि टारी ईसनचे ५७ लाख मिळून ३.०७ कोटी होतात, त्यात ही साडेबारा लाखांची फट मिळवली तरी पाचेक लाख कमी पडतात. म्हणजे आणखी एक किमान पगाराचा खेळाडू द्यायचा. इतकं करून पुढच्या वर्षी त्याचे ३.४८ कोटी आणि त्यानंतर ३.७२ कोटींचा पर्याय, तोही त्याच्याच हातात. सेंटर शेंगून, ड्युरँट आणि जबारी स्मिथ यांचे पगार तेव्हाही चालूच असणार. वयाच्या पस्तिशीत असलेल्या गार्डसाठी ईसनही जाईल आणि पुढची दोन वर्षंही अडकतील. माझा स्पष्ट विरोध आहे.

मकॉलमचा हिशेब मात्र नेमका जुळतो. त्याचे ३.०७ कोटी, व्हॅनव्लीट अधिक ईसनही ३.०७ कोटी, आणि करार याच वर्षी संपतो. पण व्हॅनव्लीटकडे पुढच्या वर्षाच्या अडीच कोटींचा पर्याय आहे आणि जखमी खेळाडू तो घेणारच. ते ओझं उचलायला वॉशिंग्टन ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) मागेल.

जबारी स्मिथचं नाव कोणी काढायच्या आत सांगतो. त्याची पाच वर्षांची १२.२ कोटींची मुदतवाढ पुढच्या वर्षी सुरू होते. तोवर आपल्याकडून तो १.२३ कोटी म्हणून जातो, घेणाऱ्याकडे मात्र सहा वर्षांची सरासरी धरून २.२४ कोटी मोजले जातात. या तफावतीमुळे मोसमाच्या मध्यात असा ट्रेड जवळपास होतच नाही.

हाफकोर्ट

पैसे बाजूला ठेवले तरी मकॉलम नको. गेल्या मोसमात सामन्यामागे २१ गुण काढले हे खरं, पण ते चेंडू हातात ठेवून. इथे चेंडू आधी ड्युरँटला, मग शेंगूनला. आपल्याला हवा आहे चेंडू पुढे आणून देणारा आणि मग बाजूला उभा राहून तीनचा फटका मारणारा.

प्रतिस्पर्धी काय करतात ते पाहा. थॉम्पसन चेंडू आणत असला की त्याला ९४ फूट चिकटतात. मध्यरेषा ओलांडायला मिळणाऱ्या आठ सेकंदांतले सहा-सात तिथेच जातात आणि पहिला स्क्रीन (बचावपटूची वाट अडवणारी आडकाठी) लागेपर्यंत २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकवर पंधरा-सोळा उरतात. शेंगूनला एल्बोवर (फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी) चेंडू मिळाला आणि त्याला पहिला पर्याय दिसला नाही, की दुसरा शोधायला वेळच राहत नाही. शेवटी ड्युरँटच्या हातात घाईघाईत चेंडू, आणि त्याच्यावर दोन माणसं.

ती दुसरी व्यक्ती येते कुठून, इथे ट्रेडचं उत्तर आहे. दुसरा सेंटर ॲडम्स आणि शेंगून एकत्र खेळताना थॉम्पसनही कोर्टवर असेल, तर बाहेरून न मारणारे तिघं होतात. डंकर स्पॉटवर (बास्केटच्या बाजूला, बेसलाइनजवळ) ॲडम्स उभा असतो, म्हणून थॉम्पसनला तिथे लपवता येत नाही. त्यात चौथा न मारणारा आणला तर प्रतिस्पर्धी त्यालाच मोकळा सोडून ड्युरँटवर जातील. त्यामुळे मॅकॉनेल बाद. माणूस जीव तोडून खेळतो, पण तीनचे फटके फारच कमी घेतो. शिवाय फायनलच्या सातव्या सामन्यात त्यांचा मुख्य गार्ड हॅलिबर्टन याचा अकिलीस (टाचेचा स्नायुबंध) फाटल्यावर इंडियाना त्याला स्वस्तात सोडणार नाही.

कॉन्लीने गेल्या मोसमात ४१ टक्के तीन मारले, सामन्यामागे ८.२ गुण आणि ४.५ असिस्ट. चेंडू तर तो क्वचितच गमावतो. ड्युरँटला छोट्या गार्डचा स्क्रीन द्यायचा असेल तर तो गार्ड असाच लागतो: बचाव करणाऱ्यांनी माणसं बदलली तर ड्युरँटसमोर सहा फुटी बचावपटू उरतो, आणि नाही बदलली तर कॉन्ली रेषेबाहेर मोकळा. २०२३च्या फेब्रुवारीत तो युटाहून मिनेसोटाला गेला तेव्हा हेच घडलं होतं. तिथला सेंटर गोबेअर याला चेंडू कधी आणि कुठे द्यायचा हे त्याला युटापासून ठाऊक होतं. पुढच्याच मोसमात त्या संघाने ५६ सामने जिंकले आणि कॉन्फरन्स फायनल गाठली.

अडचण वयाची आहे. ऑक्टोबरात ३८ पूर्ण झाले. त्याला १८ ते २० मिनिटांपेक्षा जास्त खेळवू नये, आणि लागोपाठच्या दोन रात्रींतली एक विश्रांतीची. बचावात त्याला कोपऱ्यातल्या सर्वात कमी धोक्याच्या माणसावर ठेवायचं, समोरच्या मुख्य गार्डला थॉम्पसनने धरायचं. शेपर्डसोबत मात्र एका वेळी खेळवू नका. दोघंही बुटके, प्रतिस्पर्धी प्रत्येक चालीत त्यांनाच स्क्रीनमध्ये ओढतील.

रॉकेटवेडा

हॉलिडेच्या पुढच्या दोन वर्षांचा विचार मी केला नव्हता, ते पटलं. मग अल्वारादो का नको? ४५ लाखच पगार आहे. ॲरन हॉलिडे आणि जेफ ग्रीन दिले की ४६ लाख होतात, काम झालं. कॉन्लीचा हिशेबही कोणीतरी मांडा.

बेसलाइन_१४

त्या हिशेबात एक मोठी अडचण आहे. ॲरन हॉलिडे, ग्रीन आणि टेट तिघंही एक वर्षाच्या करारावर ह्यूस्टनमध्येच राहिलेत. अशा करारानंतर ज्यांना बर्ड हक्क (संघाला पगारमर्यादेपलीकडे जाऊन तोच खेळाडू पुन्हा घेता येणं) मिळणार असतात, त्यांना ट्रेडवर नकाराधिकार असतो. ट्रेडला होकार दिला तर ते हक्क जातात, म्हणून खेळाडू सहसा तयार होत नाहीत. व्हॅनव्लीटचा करारही एक अधिक एक पर्याय असाच असल्याने त्यालाही हा नियम लागतो, हे वरच्या दोन्ही मोठ्या ट्रेडच्या बाबतीत ध्यानात ठेवा. किमान पगारवाल्यांत फक्त जोश ओकोगी बाहेरून आलाय, त्याला विचारावं लागत नाही.

मग अल्वारादोसाठी उरतो कपेला, सुमारे ६७ लाख. ॲडम्स २०२३-२४चा संपूर्ण मोसम गुडघ्यामुळे बाहेर होता आणि गेल्या वर्षी ५८ सामने खेळला, हे माहीत असताना तिसरा सेंटर देऊन टाकणं मला धोक्याचं वाटतं.

पिकबद्दलही सांगतो. आपला २०२६चा पहिल्या फेरीचा पिक २०१९च्या वेस्टब्रूक ट्रेडमुळे ओक्लाहोमाला देणं आहे, पहिल्या चारांत आला तरच आपल्याकडे राहतो. हातात दमदार आहे तो फिनिक्सचा २०२७चा. वीस मिनिटांच्या गार्डसाठी त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या फेरीतले एक-दोन द्या, त्यापुढे नाही.

कॅपगणित

नकाराधिकाराचं बरोबर, ते माझ्याकडून राहिलं होतं. आता कॉन्ली.

त्याचे १.०८ कोटी, म्हणजे आपल्याकडून किमान ९५ लाख जायला हवेत. मिनेसोटा पहिल्या एप्रनच्या वर आहे, त्यामुळे दिलेल्यापेक्षा एक डॉलरही जास्त पगार ते परत घेऊ शकत नाहीत. फिनी-स्मिथ सव्वा कोटीच्या वर, तो त्यांच्याकडे बसत नाही. शेपर्ड १.०६ कोटींना नेमका बसतो, पण तो द्यायचा प्रश्नच नाही. कपेला अधिक ओकोगी ९० लाख, आपल्याला पाच लाख कमी. तिसरा किमान पगारवाला घातला की १.१३ कोटी, मग त्यांना जास्त. म्हणून कपेला आणि ओकोगी मिनेसोटाला, आणि राजी झाला तर टेट किंवा ग्रीन जागा असलेल्या एखाद्या तिसऱ्या संघाला, दुसऱ्या फेरीच्या पिकसह.

यानंतर आपले खेळाडू १४ वरून १२वर येतात. चौदापेक्षा कमी खेळाडूंवर सलग १४ दिवसच राहता येतं, म्हणजे दोघं भरावे लागणार. रेषेखाली जागा उरते साधारण १८ लाख. डेडलाइनच्या दिवशी किमान पगाराचा एक खेळाडू सुमारे ९ लाखांना पडतो, दोन घेतले की अगदी काठावर. दहा-बारा दिवस थांबलं तर तोच सव्वासात-साडेसात लाखांना मिळतो. मधे ऑल-स्टारची सुट्टी येते, म्हणून सामनेही कमीच बुडतात. त्या दोघांतला एक सेंटरच हवा, कपेला गेलेला असेल.

हाफकोर्ट

इतकी ओढाताण करण्यापेक्षा बायआउटची (पगाराचा काही भाग सोडून खेळाडू संघातून मोकळा होण्याची) वाट पाहावी, असं माझं मत होत चाललंय. पहिल्या एप्रनच्या वरच्या संघांना १.४१ कोटींपेक्षा जास्त पगाराचा, नुकताच सोडलेला खेळाडू घेता येत नाही. आपण रेषेखाली आहोत, आपल्याला घेता येतो. म्हणजे मकॉलमसारखा कोणी सुटला तर बरेच तगडे संघ रांगेतच नसतील. अट एवढीच की १ मार्चपर्यंत जुन्या संघाने त्याला मोकळं केलेलं असावं, नाहीतर प्लेऑफला चालत नाही. त्या सुमारास आपल्याला तो सहा लाखांच्या आत पडतो.

बेसलाइन_१४

बायआउटमधून कोण सुटेल हे आपल्या हातात नाही आणि मार्चमध्ये आलेल्या गार्डला शेंगूनसोबत जुळायला दीड महिनाच मिळतो. पंधरावी जागा जानेवारीत भरू नका, तेवढे साडेबारा लाख डेडलाइनपर्यंत शिल्लक ठेवा. कॉन्लीच्या ट्रेडला तेच लागणार आहेत, आणि तो नाही जमला तर बायआउटलाही तेच. तोवर थॉम्पसन चेंडू आणताना शेंगूनला मध्यरेषेजवळ पहिल्या पासासाठी उभं करा, आठ सेकंदांतले दोन-तीन तिथेच वाचतात.