सेंट लुईस ब्लूज २०१८-१९: तळातून थेट कपापर्यंत, यात बिनिंग्टनचा वाटा नेमका किती?

पक_कुठंय

आइस हॉकीच्या एनएचएल लीगमधल्या सेंट लुईस ब्लूजच्या २०१८-१९ हंगामाचा आढावा लिहायला घेतलाय. जिथे वाचावं तिथे एकच कथा: ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी संघ ३१ पैकी ३१वा, ७ जानेवारीला गोली (गोलरक्षक) जॉर्डन बिनिंग्टनने फिलाडेल्फियात एनएचएलमधला पहिला सामना सुरुवातीपासून खेळून ३-० असा शटआउट (एकही गोल न खाता विजय) काढला, आणि १२ जूनला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. १९६७ पासून खेळणाऱ्या संघाचा पहिलाच कप, त्यामुळे कथा रंगते हे खरं. पण २५ वर्षांचा एक नवखा गोली आला आणि सगळं पालटलं, हे गळी उतरत नाही.

तीन प्रश्न आहेत. गोलीचा वाटा आकड्यात कसा काढायचा? हंगामाचे तुकडे कुठे पाडायचे? मी महिन्यांनुसार पाडले होते, पण त्यातून काहीच हाती लागत नाही. आणि प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) २६ सामन्यांपैकी आढाव्यात कोणते घ्यायचे?

आकडेमोड

महिने सोडा. जिथे कारण बदललं तिथे तुकडा पाडा. ब्लूजचे तीन तुकडे सरळ पडतात.

पहिला, माइक यो प्रशिक्षक असतानाचे १९ सामने: ७-९-३. (नव्यांसाठी: विजय, पराभव, ओव्हरटाईम किंवा शूटआउटमधला पराभव. विजयाला २ गुण, तिसऱ्या खान्याला १.) दुसरा, नोव्हेंबरात क्रेग बेरूबे आल्यापासून ३ जानेवारीच्या सकाळपर्यंतचे १८ सामने: ८-९-१. तिसरा, तिथून एप्रिलपर्यंतचे ४५ सामने: ३०-१०-५. एकूण ४५-२८-९, ९९ गुण, सेंट्रल विभागात तिसरा क्रमांक.

आता दर काढा. पहिल्या ३७ सामन्यांत ३४ गुण, म्हणजे सामन्याला ०.९२. नंतरच्या ४५ सामन्यांत ६५, म्हणजे १.४४. जुन्याच दराने ते ४५ सामने खेळले असते तर ४१ गुण झाले असते. वर मिळाले ते २४ गुण. तुमचा प्रश्न या २४ पैकी बिनिंग्टनचे किती, एवढाच आहे.

बिनिंग्टनचं सेव्हचं प्रमाण (आलेल्या शॉटपैकी अडवलेले) ०.९२७, संघाचा दुसरा गोली जेक ॲलनचं पूर्ण हंगामाचं ०.९०५. फरक ०.०२२. ब्लूजवर सामन्याला साधारण २८ शॉट येत असं धरा. ०.०२२ गुणिले २८ म्हणजे सामन्याला ०.६ गोल, आणि बिनिंग्टनच्या ३० सामन्यांत साधारण १८ गोल वाचले. सहा गोलांच्या फरकामागे एक विजय हा ढोबळ हिशेब बहुतेक जण मानतात. म्हणजे तीन विजय, सहा गुण. चोवीसपैकी सहा.

एक सूचना, "शेवटच्या क्रमांकावर" असं लिहाल तिथे संघाचे सामने बऱ्याच जणांपेक्षा दोन-तीन कमी झाले होते हेही लिहा. गुणतक्ता जानेवारीत नेहमीच थोडा खोटं बोलतो.

चौथी_फळी

पद्धत बरोबर, पण एक दुरुस्ती. ॲलनच्या ०.९०५ मध्ये त्याचे नंतरचे बरे दिवसही मिसळलेत. पहिल्या टप्प्यात त्याचा आकडा याहून खाली होता, आणि सोबतीला असलेला चॅड जॉन्सन ०.८८४ वर होता (ब्लूजने त्याला डिसेंबरात सोडायला काढलं तेव्हा, म्हणजे वेव्हरवरून, अनाहाइमने उचललं). पहिल्या टप्प्यासाठी ०.८९० धरून पाहा. फरक ०.०३७, सामन्याला एक गोल, ३० सामन्यांत ३१, म्हणजे पाच विजय, दहा गुण. तरी निम्म्याच्या आतच.

उरलेले चौदा-पंधरा कुठून आले, तर तीन ठिकाणांहून.

एक, संघ नवा होता. १ जुलै २०१८ या एकाच दिवशी बफेलोकडून रायन ओ'रायलीचा ट्रेड झाला, आणि टायलर बोझॅक व डेव्हिड पेरॉन करारावर आले. पॅट मरून थोड्याच दिवसांत एका वर्षासाठी आला. पहिल्या तीन फळ्यांतले (फळी म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) इतके जण एकदम बदलले की फळ्यांचे मेळ बसायला वेळ लागतोच. १० डिसेंबरला सरावात ब्लूजचेच बोर्टुझो आणि सॅनफर्ड एकमेकांवर धावून गेले, ती क्लिप सगळ्यांनी पाहिली असेल. तिला "कलाटणी" म्हणू नका, त्यानंतरही तीन आठवडे संघ तळाशीच होता.

दोन, बचावपटू जे बाउमीस्टर. मार्च २०१८ मध्ये त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि हंगामाच्या सुरुवातीला त्याची मागे स्केट करण्याची गती गेलेली दिसत होती. बचावपटूला ती गती नसेल तर तो निळ्या रेषेवर (आपल्या झोनच्या हद्दीवर) उभा राहायला कचरतो, आधीच मागे सरकतो, आणि समोरच्याला झोनमध्ये फुकट प्रवेश मिळतो. तो सावरला तशी त्याची आणि कोल्टन पारायकोची जोडी समोरच्या पहिल्या फळीवर लावता आली. मग अ‍ॅलेक्स पिएट्रांजेलोच्या जोडीला आक्रमणासाठी मोकळीक मिळाली. आढाव्यांत या गोष्टीला एक ओळही मिळत नाही, माझ्या मते तिला परिच्छेद द्यावा.

तीन, बेरूबेचं फॉरचेक, म्हणजे समोरच्याच्या झोनमध्ये जाऊन दाब टाकणं. पक (खेळाची रबरी चकती) खोलात टाकायचा, पहिला फॉरवर्ड पक असलेल्या बचावपटूच्या अंगावर, दुसरा बोर्डलगतच्या पासची वाट अडवायला, तिसरा वर थांबून मधला भाग राखायला. हे वरवर सगळेच संघ करतात. चुकतं ते तिसऱ्याचं. त्याला मोह होतो, तो खाली उतरतो, पक निसटतो आणि तीन विरुद्ध दोन असा हल्ला अंगावर येतो. ब्लूजचं हे चुकणं जानेवारीनंतर कमी झालं, आणि ते चारही फळ्यांत कमी झालं. चौथी फळीही तेच काम करू लागली की प्रशिक्षकाला पहिल्या फळीला विश्रांती देता येते.

पक_कुठंय

दोघांचेही आभार. पण एक आकडा दोघांच्याही विरोधात जातोय. बिनिंग्टन २४-५-१. संघ त्या काळात ३०-१०-५. वजा केलं तर उरलेले ६-५-४ ॲलनचे. म्हणजे १५ सामन्यांत १६ गुण, आणि बिनिंग्टनच्या ३० मध्ये ४९. तीच पद्धत, तेच फॉरचेक, तोच बाउमीस्टर, फक्त गोली वेगळा. मग निम्म्याच्या आत कसं?

आकडेमोड

रास्त प्रश्न, हा लेखात जरूर घ्या. ॲलनचा दर १.०७. जुना दर ०.९२. म्हणजे जुन्याच गोलीसह संघ पूर्ण हंगामात ७५ वरून ८७ गुणांच्या लायकीचा झाला होता. या हिशेबाने २४ पैकी संघाचे सात आणि बिनिंग्टनचे सतरा.

पण पंधरा सामने म्हणजे काहीच नाही. दोन ओव्हरटाईम इकडचे तिकडे झाले की ६-५-४ चं ८-५-२ होतं आणि दर १.२ वर जातो. शिवाय विजय-पराभवात पुढच्या खेळाडूंनी किती गोल केले हेही मिसळतं, त्याचं श्रेय गोलीला देता येत नाही. सेव्हच्या प्रमाणावरून काढलेला हिशेब त्यापासून मोकळा असतो. मी लिहिलं असतं तर "तिसरा हिस्सा ते अर्धा" असं लिहून दोन्ही रीती दाखवल्या असत्या. एकच आकडा ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आणि प्लेऑफ पाहा. तिथे बिनिंग्टन ०.९१४ वर आला. वाईट नाही, पण चमत्कारही नाही. तरी संघ जिंकला.

निळी_रेषा

प्लेऑफचं मी सांगतो. २६ पैकी सहाच घ्या, बाकीचे एका ओळीत: विनिपेग ४-२, डॅलस ४-३, सॅन होजे ४-२, बोस्टन ४-३. घरी ६-७ आणि बाहेर १०-३ हे मात्र ठळक लिहा. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात त्याचा इथे पत्ताच नाही.

डॅलसविरुद्ध सातवा सामना: शॉट ५४-३१, डॅलसचा गोली बेन बिशपने ५२ अडवले, मरूनने दुसऱ्या ओव्हरटाईममध्ये २-१ केलं. फॉरचेकचा दाब शॉटमध्ये कसा दिसतो याचा हा उत्तम नमुना.

सॅन होजेविरुद्ध तिसरा: ओव्हरटाईममध्ये सॅन होजेच्या टिमो मायरच्या हातून पक सरकला, पंचांना दिसलं नाही, एरिक कार्लसनने ५-४ केलं. त्या वेळी हँड पासवर व्हिडिओ पाहण्याची सोयच नियमात नव्हती. आक्रमक झोनमधल्या अशा हुकलेल्या शिट्ट्यांवर प्रशिक्षकाला चॅलेंज घेता येईल असा बदल लीगने त्याच जूनमध्ये केला. ब्लूजने त्यानंतरचे तिन्ही सामने जिंकले.

बोस्टनविरुद्ध दुसरा: ओव्हरटाईममध्ये बोस्टनवर पेनल्टी येणार म्हणून पंचाचा हात वर गेला. अशा वेळी दोषी संघाच्या ताब्यात पक गेला की लगेच शिट्टी होते, म्हणजे आपल्यावर गोल होण्याची भीती जवळपास नाही. म्हणून बिनिंग्टन बाकावर गेला, सहावा स्केटर उतरला आणि कार्ल गुनारसनने लांबून मारलं, ३-२. फायनलमधला ब्लूजचा हा पहिलाच विजय. १९६८, ६९ आणि ७० च्या तिन्ही फायनल त्यांनी ०-४ अशा गमावल्या होत्या.

तिसरा: २-७. बोस्टनने चार पॉवर प्लेवर चार शॉट मारले आणि चारही गोल. बिनिंग्टनला बाहेर काढावं लागलं. इथे दोष एकट्या गोलीचा धरू नका, इतक्या पेनल्टी घेतल्या की असं कधीतरी होणारच. आपल्याकडे पॉवर प्ले म्हटलं की क्रिकेट आठवतं, तेव्हा वाचकाला सांगा: इथे समोरचा एक माणूस दोन मिनिटं पेटीत बसलेला असतो.

चौथा: ४-२. ओ'रायलीचे दोन गोल. पराभवानंतरच्या सामन्यांत बिनिंग्टन प्लेऑफभर ८-२ होता, तो आकडा इथे टाका.

सातवा: पहिल्या पिरियडमध्ये शॉट १२-४ बोस्टनच्या बाजूने, आणि स्कोअर २-० ब्लूजच्या. हा पिरियड मात्र खराखुरा बिनिंग्टनचा. पहिला गोल बाउमीस्टरच्या शॉटवर ओ'रायलीच्या काठीचा स्पर्श. दुसरा गोल त्याच पिरियडचे ८ सेकंद उरले असताना पिएट्रांजेलोचा: बोस्टनचा मार्शां त्याच क्षणी बदलीसाठी बाकाकडे वळला आणि डावीकडची वाट मोकळी पडली. शेवटी ४-१, बिनिंग्टनचे ३३ पैकी ३२ सेव्ह.

चौथी_फळी

यात जेडन श्वार्ट्झ राहिला. नियमित हंगामात ६९ सामन्यांत ११ गोल, प्लेऑफमध्ये २६ सामन्यांत १२, दोन हॅटट्रिकसह. तो अचानक शहाणा झाला नाही. हंगामभर त्याचे जेमतेम सहा टक्के शॉट आत जात होते, ते कधीतरी परत जागेवर येणार होते. नशीब फक्त गोलीच्याच बाजूने मोजू नका.

पक_कुठंय

छान, श्वार्ट्झ घेतो. शेवटचं: ओ'रायलीला ७७ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून), सेल्की (बचावात सर्वोत्तम फॉरवर्डचा पुरस्कार) आणि कॉन स्मिथ (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा). ट्रेड "लूट" होता असं लिहिलं तर चालेल का?

आकडेमोड

त्या हंगामापुरतं चालेल. ब्लूजने दिलं ते असं: सोबोटका, बर्गलुंड, टेज थॉम्पसन, नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधली २०१९ ची पहिल्या फेरीतली आणि २०२१ ची दुसऱ्या फेरीतली निवड. बर्गलुंडचा करार डिसेंबरातच रद्द झाला. कप जिंकल्यामुळे पहिल्या फेरीतली निवड घसरत ३१व्या, म्हणजे फेरीतल्या शेवटच्या क्रमांकावर गेली. तोवर बफेलोच्या हाती धुपाटणंच. पण थॉम्पसनने २०२२-२३ मध्ये बफेलोसाठी ४७ गोल केले, त्यामुळे "लूट"च्या आधी "तेव्हा" हा शब्द घाला.