कोल्येविचचं काय?
वर सगळे युद्धकाळातला बोस्नियन सर्बांचा नेता आणि कवी रादोवान कराजिच याच्या कवितांवरच बोलताय, पण मला त्याचा सहकारी निकोला कोल्येविच जास्त छळतो. सारायेव्होत शेक्सपियर शिकवणारा प्रोफेसर, १९९० ला बोस्नियाच्या प्रेसिडेन्सीवर (सामूहिक राष्ट्राध्यक्ष मंडळावर) सर्ब सदस्य म्हणून निवडून आला आणि एप्रिल १९९२ मध्ये राजीनामा देऊन पुढे बोस्नियातून फुटून निघालेल्या सर्ब प्रजासत्ताकाचा उपाध्यक्ष झाला. त्याच ऑगस्टमध्ये डोंगरावरच्या सर्ब तोफांनी सारायेव्होतली नॅशनल लायब्ररी पेटवली, लाखो पुस्तकं गेली, जळक्या पानांची राख शहरभर पडत होती, आणि तीच विद्यापीठाचीही लायब्ररी होती हो! जानेवारी १९९७ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडली. आता त्याला 'ट्रॅजिक हिरो' म्हणणारे भेटतात, ते मला अजिबात पटत नाही, बोस्नियाच्या युद्धभर परदेशी पत्रकारांना त्या राजवटीची बाजू उत्तम इंग्रजीत समजावून सांगणारा हाच होता.