मदत हवी आहे: थंडीत गाडीची तयारी आणि बॉनेटमधले उंदीर

नमस्कार मंडळी. आम्ही निफाडजवळ मळ्यात राहतो. गाडी द्राक्षबागेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. थंडी पडली की उंदीर उबेला बॉनेटखाली शिरतात. परवा बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या ट्रेवर कुरतडलेली बाजरीची कणसं, आतला फेल्ट ओढून केलेलं घरटं, आणि हेडलाइटच्या वायरीचं तांबं उघडं पडलेलं. वायर बदलली, पण पुन्हा कुरतडणार नाहीत कशावरून?

डांबरगोळ्या झाल्या, तंबाखूची पानं झाली. वास उडाला की उंदीर हजर. विषारी गोळ्या नकोतच. उंदीर आतच कुठेतरी मरून पडतो, शिवाय मळ्यात कुत्री-मांजरं आहेत. आता खालून बारीक जाळी मारावी म्हणतोय. कुणी मारली आहे का? हवा अडून इंजिन तापत नाही ना?

घाई यासाठी की वडिलांना तपासणीसाठी मुंबईला न्यावं लागतं. पहाटे निघतो, कसारा घाटात धुकं असतं. तिथे हेडलाइट गेला तर काय करायचं, या विचारानेच पोटात गोळा येतो. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो म्हणून जंपर केबल घेतली आहे. टॉर्च, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, हवेचा पंप, घोंगडी, पाणी आहेच. आणखी काय लागेल?

वडिलांना साखरेचा त्रास आहे, त्यामुळे खायला काहीतरी गाडीत हवंच. पण वासावर उंदीर येणार. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरेल, की दर वेळी घरात आणावा?